६ एप्रिल: मासोळी गेली

६ एप्रिल

आज माझ्या हातून एक बाई मेली. ती स्वतःच सांगायला आली होती.

अकराच्या सुमाराला मी उद्याच्या दिनविशेषाची चौकट लावत होते. घटना, जन्म, मृत्यू असे तीन मथळे, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी, पान दोन, खाली उजवीकडे. आठ वर्षं हेच करतेय. दाराशी कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, "इथे तारखा कोण लिहितं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अशा वेळी आमच्या ऑफिसात फार एकी असते.

उंच, रुंद खांद्यांच्या, केस अगदी आखूड कापलेल्या एक बाई. सत्तरीच्या असतील. माझ्या टेबलावर आजचा अंक पसरून त्या चष्म्याशिवाय वाचायला लागल्या. "'मृत्यू. एकोणीसशे शहाण्णव. मासोळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलतरणपटू.' बरोबर वाचलं ना?"

"हो."

"मीच ती."

मी ताडकन उठले, त्यांना खुर्ची दिली आणि घाबरून विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" असा प्रश्न मी विचारला! आठवलं तरी कान गरम होतात.

"सकाळपर्यंत होते," बाई म्हणाल्या. "मग पेपर आला. म्हटलं नाडी बघून घ्यावी."

मी कार्डांच्या खोक्यातून आजचं कार्ड काढलं. हा खोका मला आधीच्या उपसंपादकांकडून मिळाला. तीनशे सहासष्ट कप्पे, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. इतकी वर्षं त्या कप्प्यातली दुसरीच कार्डं लावली होती, यंदा हे हाती आलं. कार्डावर स्पष्ट होतं: '१९९६, मासोळी गेली.' बाईंनी ते वाचलं आणि अशा हसल्या की जाहिरात विभागातले लोक उठून बघायला आले.

"अगं, गेले म्हणजे गाव सोडून गेले! परगावी पोहायला शिकवायची नोकरी लागली होती मला. तुमचा तो उपसंपादक स्टेशनवर निरोप द्यायला आला होता. चार वर्षं झाली मला परत येऊन. आणि हे बघ, वर घटनांमध्ये काय छापलंयस. अठराशे शहाण्णव, पहिलं आधुनिक ऑलिंपिक सुरू. त्यात एकही बाई नव्हती. बरोबर शंभर वर्षांनी तुला एक बाई सापडली, तर तीही मारलीस."

संपादकांनी मला आत बोलावलं. "आठ वर्षांत तुमची एक चूक नाही. आणि केलीत ती ही?" दिनविशेष माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते उद्या सांगणार आहेत.

घरी येऊन बाबांना सांगितलं. नोकरी धोक्यात आहे म्हटल्यावर ते काळजी करतील असं वाटलं होतं. बाबा अडतीस वर्षं तलावावरच्या पंपघरात होते. आता गावाला पाणी दुसरीकडून येतं, पंपघराला कुलूप आहे, आणि बाबा खिडकीपाशी खुर्चीत असतात. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दिवसाला वीसेक शब्द बोलतात, त्यातले चार 'चहा टाकतेस का'.

"मासोळी?" बाबा म्हणाले. "परत आलीय ती?" आणि एकदम हसले. किती दिवसांनी!

नोकरीचं काहीच विचारलं नाही.

७ एप्रिल

दुरुस्ती छापली. 'सदर जलतरणपटू हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.' पान सात, तीन ओळी. दिनविशेष माझ्याकडेच राहिलं, पण यापुढे प्रत्येक मृत्यू संपादकांना दाखवून मगच छापायचा. आज तीन दाखवले. तिघेही दोनशे वर्षांपूर्वीचे होते. तरी त्यांनी विचारलं, "नक्की ना?"

९ एप्रिल

मासोळीबाई पुन्हा आल्या. मला वाटलं होतं, प्रकरण मिटलं. कुठलं मिटतंय!

"पान सात म्हणजे काय छापणं झालं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझ्या जागी कुणी दुसरं बसेल, खोका उघडेल आणि मला परत मारेल. नुसतं कार्ड फाडून भागायचं नाही. त्या तारखेला माझ्या नावावर दुसरं काहीतरी घडायला हवं."

"म्हणजे काय?"

"तलाव. बंधाऱ्यापासून पंपघरापर्यंत अडीच किलोमीटर. एकोणिसाव्या वर्षी पोहले होते. पुढच्या सहा एप्रिलला पुन्हा पोहणार. मग तू मला मृत्यूतून काढून घटनांमध्ये घालशील."

त्यांचं वय एकाहत्तर. मी काय बोलणार? त्यांना संपादकांकडे नेलं. संपादकांचे डोळे चमकले, मग जरा विझले. "बातमी उत्तम आहे. पण समजा, पाण्यात काही झालं तर?"

"तर तुमची बातमी एक वर्ष आधी आली असं समजा."

घरी बाबांना सांगितलं. ते चक्क खुर्चीतून उठले. "पंपघराच्या अलीकडे जुन्या नदीचं पात्र आहे. तिथे पाणी एकदम गार लागतं. नऊनंतर वारा उलटा सुटतो. हे तिला माहीत असायला हवं."

"मी सांगते त्यांना."

"तुला नीट सांगता यायचं नाही," बाबा म्हणाले. "मीच येतो."

मला जरा वाईटच वाटलं. सांगणं हाच माझा धंदा आहे.

२ मे

सराव सुरू झाला. मासोळीबाई पाण्यात आणि बाजूने बाबा जुन्या होडीत. वल्ही मारायला त्यांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. मी चांगल्या भाडोत्री नावाड्याचं सुचवलं, तर बाबा म्हणाले, "अनोळखी माणसाच्या भरवशावर कुणाला पाण्यात सोडायचं नसतं." बरोबरच आहे. पंपघरात राहून जबाबदारी अंगात मुरलीय.

रोज सकाळी सहाला दाढी करून निघतात. पाण्यावर जायला दाढी कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "वारा लागतो." मला संबंध कळला नाही.

१९ जून

आज मीही गेले होते. बाई चारशे मीटर न थांबता पोहल्या. बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे, दात वाजत होते, आणि तरी बाबांना म्हणाल्या, "तुम्ही डावीकडे ओढता. सगळा वेळ मला तुमच्या मागे वळावं लागतं."

बाबा म्हणाले, "मी सरळच जात होतो. तुम्हीच उजवीकडे जाता."

अर्धा तास भांडले. मला काळजी वाटायला लागली. बाबांना कुणी उलट बोललेलं खपत नाही. आई कधी बोलायची नाही. परत येताना मी समजूत काढली, "बाबा, मनावर घेऊ नका, स्वभाव आहे त्यांचा."

"छे छे," बाबा म्हणाले. घरी पोचेपर्यंत शीळ घालत होते.

३ ऑगस्ट

बाबांचं काहीतरी बिनसलंय असं मला वाटतं. भूक वाढलीय. आरशासमोर जास्त वेळ उभे राहतात. परवा स्वतःहून शर्टाला इस्त्री केली आणि बाही जाळली. काल भाजी चिरताना मोठ्याने गात होते. या वयात वागणं असं अचानक बदललं तर डोक्याचं काही असू शकतं, असं वाचलं होतं. आज सरळ डॉक्टरकडे नेलं.

सगळ्या तपासण्या झाल्या. साखर उतरलीय, रक्तदाब उत्तम. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जे काही चाललंय ते चालू ठेवा," म्हणाले.

"वल्ही मारतात रोज," मी सांगितलं.

"हो, ऐकलंय मी," डॉक्टर म्हणाले आणि कागदांत तोंड घातलं. खोकला आला असावा.

२७ सप्टेंबर

ऑफिसात नवीनच झालंय. मासोळीबाईंच्या सरावाची बातमी आली तेव्हापासून वाचक आपापल्या तारखा पाठवताहेत. 'या दिवशी आमचं सलून उघडलं.' 'या दिवशी आमच्या जुळ्या मुली झाल्या, एक मध्यरात्रीच्या आधी, एक नंतर, दोघींचे वाढदिवस वेगवेगळे.' एका शिंपीणबाईंनी लिहिलंय, 'या दिवशी मी पहिल्यांदा सायकल चालवली, वय बावन्न.' मी संपादकांना विचारलं, की जगाच्या ओळींखाली गावाची एक ओळ घालू का? म्हणाले, "मृत्यू सोडून काहीही घाला."

आता खोक्यात नवी कार्डं जाताहेत, माझ्या अक्षरात. सायकलवाली ओळ छापली त्या दिवशी शिंपीणबाई ऑफिसात येऊन दोन अंक घेऊन गेल्या. मला फार बरं वाटलं. तारखा एवढ्या जवळच्या असतात हे आठ वर्षांत जाणवलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

पाणी खात्याच्या परवानगीसाठी गेलो, तिघंही. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. "अर्जदार या त्याच ना, ज्या वारल्या होत्या?"

"त्याच," बाई म्हणाल्या.

"मग हयात असल्याचा दाखला जोडा. नाहीतर वरून शेरा येईल."

"समोर बसलेय ना मी!"

"बाई, तुम्ही फायलीत बसत नाही."

बाबा पुढे सरसावले. अडतीस वर्षं ज्या खात्यात मान खाली घालून काम केलं, तिथे टेबलावर हात आपटून म्हणाले, "या तलावाच्या पाण्याला यांच्याइतका मान देताना मी कुणालाच पाहिलं नाही. दाखला मी लिहून देतो. मी रोज बघतो यांना. जिवंत आहेत. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त!"

अधिकाऱ्यांनी शिक्का उचलला. बाईंनी बाबांचं एकही वाक्य खोडलं नाही, हे विशेष. परवानगी मिळाली.

वाटेत बाबांनी मला अचानक विचारलं, "आपलं घर दोन माणसांना पुरतं, तसं तीन माणसांना पुरेल का गं?"

मी म्हटलं, "बाबा, भाडेकरू ठेवायचा विचार असेल तर सोडा. मला घरात अनोळखी माणूस चालायचा नाही."

मासोळीबाई मोठमोठी पावलं टाकत पुढे निघून गेल्या. चालणंही किती वेगाचं आहे त्यांचं.

२१ जानेवारी

वाईट बातमी. मासोळीबाईंनी पोहणं रद्द केलं. खांदा दुखतो म्हणाल्या. संपादकांना कळवायचं काम माझ्यावर आलं. ते फक्त "हं" म्हणाले. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

बाबांना बहुतेक सर्दी होतेय. जेवले नाहीत. पुन्हा खिडकीपाशी खुर्चीत. मी विचारलं, "खांदा कधीपासून दुखतोय त्यांचा?" म्हणाले, "रविवारपासून." रविवारी तर त्या दीड किलोमीटर पोहल्या, आणि नंतर दोघं कितीतरी वेळ होडीत नुसतेच बसले होते. तेव्हा गार वारा लागला असेल. दोघांनाही.

२६ जानेवारी

राहवेना, म्हणून त्यांच्या घरी गेले. एक खोली, एक खाट, खुंटीवर तीन पोहण्याचे पोशाख. बाई डाव्या हाताने माळ्यावरून जड ट्रंक उतरवत होत्या. मी म्हटलं, "डावाच खांदा दुखतो ना?"

"तुझी नजर नको तिथे बरी चालते," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेवर बसल्या.

मग ट्रंकेची कडी उघडत-मिटत राहिल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मला पोहायची भीती नाही गं. आयुष्यभर मी एकटी पोहले. पाण्यात एकटंच असावं लागतं, त्याची सवय होते. भीती वाटते ती पलीकडे पोचल्यावर पुढे काय, याची. या वयात माणसाने सवयी बदलाव्या का? आणि बाकीच्यांना ते आवडलं नाही तर? त्यांच्या घरच्यांना?"

कोणाच्या घरच्यांना, ते मला समजलं नाही. प्रसिद्धीबद्दल बोलत असाव्यात. मुलाखती, सत्कार वगैरे. पण त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता, की मी जे सुचलं ते बोलले. "अहो, पोचल्यावर पुढचं काय घेऊन बसलात? पोचल्यावर बाबा असतीलच ना. आणि मी पण आहे. आमच्या घरी तर तुम्ही केव्हाही या."

बाईंनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "हे तू कळून बोलतेयस?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली, दुखऱ्या हाताने, आणि म्हणाल्या, "बाबांना सांग, उद्या सहाला होडी काढा."

घरी सांगितलं. बाबांची सर्दी जागच्या जागी बरी झाली.

५ एप्रिल

उद्या. उद्याच्या चौकटीत घटनांच्या खाली एक ओळ रिकामी ठेवू का, असं संपादकांना विचारलं. म्हणाले, "घडल्याशिवाय काही छापायचं नाही. मागच्या वर्षी शिकलो आपण."

खरंच काही झालं तर? वर्षभर त्यांना कुणी अडवलं नाही, मीही नाही. चूक माझी आणि पाण्यात उतरणार त्या. बाबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या चुकीचे मी किती आभार मानू ते मला कळत नाही." चेष्टा करत असावेत.

६ एप्रिल

आजचं आजच लिहायचं.

सकाळी साडेसहा. बंधाऱ्यावर दीड-दोनशे माणसं. शिंपीणबाई सायकलवरून आल्या होत्या. डॉक्टर होते, पाणी खात्याचे अधिकारी सहकुटुंब होते. बाईंनी पोहण्याची टोपी चढवली, बाबांनी स्टॉपवॉच दाबलं, आणि त्या पाण्यात शिरल्या. उडी नाही, आवाज नाही. एखादी व्यक्ती आपल्या घरात शिरते तशा.

मी आणि संपादक गाडीने वळसा घालून पंपघरापाशी गेलो. तिथून आधी काहीच दिसत नव्हतं. मग होडीचा ठिपका. मग होडीच्या शेजारी एक हात वर, खाली, वर, खाली. एक तास झाला. सव्वा तास. जुन्या नदीच्या पात्रापाशी हात दिसेनासा झाला.

संपादकांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या ते लक्षातही नसावं.

होडी थांबली होती. बाबा वल्ही सोडून वाकले होते, पाण्याकडे काहीतरी बोलत होते. लांबून शब्द ऐकू येत नव्हते. मग मासोळीबाईंचा आवाज मात्र पाण्यावरून स्पष्ट आला: "डावीकडे ओढताय तुम्ही!"

आणि हात पुन्हा वर आला.

मी रडत होते, ओरडत होते, दोन्ही. सगळेच ओरडत होते. आठ वाजून बारा मिनिटांनी त्यांचे पाय तळाला लागले. धडपडल्या, सावरल्या, आणि चालत बाहेर आल्या. डॉक्टर धावले. बाबा होडीतून गुडघाभर पाण्यात उतरून त्यांच्याजवळ पोचले होते.

"वेळ?" बाईंनी विचारलं.

बाबांनी हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं. ते चालूच होतं. अडतीस वर्षांत ज्या माणसाने पाण्याच्या पातळीची नोंद एकदाही चुकवली नाही, तो बटण दाबायला विसरला होता.

"असू दे," बाई म्हणाल्या. दात वाजत होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुम्ही जानेवारीत होडीत विचारलं होतंत, त्याचं उत्तर हो."

बाबा पाण्यातच खाली बसले. कपड्यांसकट.

"काय विचारलं होतं?" मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संपादक, डॉक्टर, शिंपीणबाई, पाणी खात्याच्या अधिकाऱ्यांची बायको. संपादक हळूच म्हणाले, "तुम्हाला खरंच माहीत नाही? अहो, आपल्या अख्ख्या ऑफिसला जूनपासून माहितीय."

७ एप्रिल

पहिल्या पानावर बातमी, मोठा फोटो. पान दोनवर चौकट, आणि खोक्यात सहा एप्रिलच्या कप्प्यात मासोळीबाईंचं नवं कार्ड, घटनांमध्ये.

कालपासून मी बाबांशी नीट बोलले नव्हते. राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. भूक, शर्ट, गाणी, घर तिघांना पुरेल का. मी भाडेकरू म्हणाले होते! आणि रागाच्या तळाशी आई होती, हे खरं. ती दहा वर्षं नाही आणि कुणीतरी हसत हसत तिच्या स्वयंपाकघरात येणार.

दुपारी बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. खिडकीची खुर्ची सोडून.

"तुझ्या आईला मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "मोठ्यांनी ठरवलं, आम्ही मान डोलावली. चांगला संसार झाला आमचा. तिची आठवण येत नाही असा दिवस नाही. पण कुणाला स्वतः तोंड उघडून विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विचारलं. विचारता विचारता वल्हंच हातातून सुटून पाण्यात पडलं."

"मग?"

"मग तिने उडी मारून आणून दिलं. आणि काही न बोलता पोहत निघून गेली."

मला हसू आवरेना. बाबाही हसले. मग आम्ही दोघं थोडे रडलो, आणि बाबांनी चहा टाकला. त्यांनी. गोड झाला होता फार.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज सांगत होतो की गं," बाबा म्हणाले.

१५ मे

विवाह नोंदणी कार्यालय, सकाळचे अकरा. बाबांचा नवा शर्ट, दोन्ही बाह्या शाबूत. मासोळीबाईंनी केस विंचरले होते, हे त्यांच्या मानाने खूप झालं. बाहेर बाकावर बसून दोघं भांडत होते, की कार्यालयात यायचा जवळचा रस्ता डावीकडून होता की उजवीकडून.

साक्षीदार म्हणून सही मला करायची होती. कारकूनबाईंनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला.

"नातं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"वधूची की वराची?"

मी पेन उचललं. समोर बाबा उगीच शर्टाची बाही नीट करत होते. मासोळीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, मान ताठ, जसं काही ऐकूच आलं नाही. अडीच किलोमीटर पोहताना त्यांचा श्वास एवढा अडकला नव्हता.

"दोघांची," मी म्हणाले, आणि तसंच लिहिलं.